रोज दुपारी चारला तुटणारे फोन: कारखान्याच्या नेटवर्कमध्ये बँडविड्थ राखायची कशी

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. दुपारी चारला पाळी बदलते आणि त्याच सुमारास ऑफिसमधून मागाच्या शेडला फोन लावला की तिकडच्या माणसाला अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. दीडेक मिनिटानं आपोआप ठीक होतं. शेडचे सुपरवायझर मला म्हणाले, "चार वाजले की फोनला काय होतंय की, साहेब! मालक बोलतात दोनशे डझन, मला ऐकू येतंय शे डझन." ऑर्डरच्या आकड्यात असा घोटाळा झाला तर माग चुकीच्या मालावर चालतो, म्हणून हे काम मी मनावर घेतलं.

हा त्रास तीनदा गेला आणि दोनदा परत आला. दर वेळी कारण वेगळं निघालं, पण मुळाशी चूक एकच होती. तुमच्याकडेही ठरावीक वेळी किंवा ठरावीक दिवशी आवाज तुटत असेल, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मध्येच गळत असेल, तर पुढचं सगळं सावकाश वाचा.

आधी मांडणी सांगतो. ऑफिसात एक स्विच (नेटवर्कच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी), मधल्या पॅकिंग हॉलमध्ये दुसरा, मागाच्या शेडमध्ये तिसरा. तिन्ही एकामागे एक फायबरनं जोडलेले, प्रत्येक जोड १ गिगाबिटची. फोनचा सर्व्हर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, डिझाइनचा सर्व्हर ऑफिसात. डिझाइनचा बॅकअप घेणारी डिस्कपेटी मात्र शेडला लागून असलेल्या खोलीत, म्हणजे एका इमारतीत आग लागली तरी दोन्ही प्रती जळू नयेत. हा विचार चांगलाच होता. डिझाइन सर्व्हर ऑफिसच्या स्विचला १० गिगाबिटनं जोडलेला. शेडमध्ये १८ आयपी फोन, म्हणजे याच नेटवर्कवरून बोलणारे, आणि तेव्हा ३२ कॅमेरे.

पहिली फेरी: आलेख खोटं बोलत नव्हता, पण अर्धंच सांगत होता

माझ्या आधी येऊन गेलेल्या माणसानं केबल बदलली होती, स्विच बंद-चालू केला होता आणि सगळ्या पोर्टवर फ्लो कंट्रोल लावून ठेवला होता. त्याचा तर्क मला समजतो. स्विच भरला की समोरच्याला थांबायला सांगेल, मग पॅकेट, म्हणजे मालाचे छोटे तुकडे, वाटेत पडणार नाहीत. अडचण अशी की साधा फ्लो कंट्रोल, म्हणजे ८०२.३एक्सची पॉज फ्रेम, अख्खी तार थांबवते. बॅकअपही थांबतो आणि फोनही थांबतो. वर्गवार थांबवणारा प्रकार वेगळा आहे, ८०२.१क्यूबीबी, आणि तो डेटा सेंटरच्या स्विचमध्ये सापडतो. फोन चालवायचे असतील तर साधा फ्लो कंट्रोल काढून टाका. मी पहिलं काम तेच केलं.

मग मोजणी. आपल्या शेडमध्ये कापसाचा तूस हवेत असतो आणि फायबरच्या टोकावर तो बसला की फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारी पॅकेट, खराब होतात, म्हणून सीआरसी चुकांचा (वाटेत खराब झालेल्या फ्रेमचा) आकडा आधी बघायची मला सवय आहे. तो शून्य होता. वाढत होता तो ऑफिसच्या स्विचवर, पॅकिंगकडे जाणाऱ्या पोर्टचा बाहेर जाताना पडलेल्या पॅकेटचा आकडा. हे दोन आकडे कधी एक समजू नका. सीआरसी वाढला तर तार, टोक किंवा मॉड्यूल बघायचं. बाहेरचे ड्रॉप वाढले तर गर्दी आहे, आणि नवी तार टाकून गर्दी हटत नाही.

मालकांचा प्रश्न रास्त होता: "आलेखात तर लाइन २७ टक्केच भरलेली दिसते की!" आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. रोजच्या बॅकअपमध्ये बदललेला माल साधारण १० गिगाबाइट, म्हणजे ८० गिगाबिट. १ गिगाबिटच्या तारेवर सगळा खर्च वजा जाता ९४० मेगाबिट मिळतात, त्यामुळे हा माल ८५ सेकंदांत जातो. त्या ८५ सेकंदांत तार गच्च असते आणि उरलेले २१५ सेकंद जवळजवळ मोकळी. तीनशे सेकंदांवर सरासरी काढली की २७ टक्के येतात. फोन तुटण्याचा काळ दीड मिनिटाचा का, याचं उत्तरही त्यातच होतं.

आणखी एक खूण सांगतो, कारण ती फुकट मिळते आणि कोणी विचारत नाही. आवाज कोणत्या बाजूला तुटतो? इथे शेडच्या माणसाला ऑफिसचा आवाज तुटत होता, पण ऑफिसला शेडचा आवाज स्वच्छ होता. म्हणजे गर्दी ऑफिसकडून शेडकडे जाणाऱ्या दिशेला, आणि बॅकअपही त्याच दिशेचा. तार एक असली तरी रांगा दोन्ही टोकांना वेगळ्या असतात. फोन घेऊन दोन्ही बाजूंना कान लावलात तर अर्धा तपास तिथेच होतो.

आता फोनची भूक किती ते बघू. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत, दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज जातो, सेकंदाला ५० पॅकेट. त्यावर पत्ता आणि क्रम सांगणारी वेष्टनं: आयपी, यूडीपी आणि आरटीपीचे ४० बाइट, इथरनेटचे १८, व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगळ्या गटाचा) टॅग ४, आणि तारेवरची सुरुवातीची खूण व मधली रिकामी जागा धरून २०. एकूण २४२ बाइट, म्हणजे एका दिशेला ९६.८ किलोबिट. अठराही फोन एकदम चालू धरले तरी १.७४ मेगाबिट. १ गिगाबिटच्या पाव टक्क्याहूनही कमी! एवढ्याशा आवाजाला जागा मिळत नव्हती, कारण ती राखायला कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

"पण फोनसाठी वेगळा व्हीलॅन केलाय ना?" हो, केला होता. हा गैरसमज सोलापुरात मी इतक्या ठिकाणी बघितलाय की मुद्दाम वेगळा लिहितो. व्हीलॅन म्हणजे एकाच रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांना वेगळ्या नंबर प्लेटा. त्यानं वस्ती वेगळी होते, रस्त्यावर जागा राखली जात नाही. त्याचा भाऊ शोभेल असा दुसरा गैरसमज विंडोजचा. 'विंडोज २० टक्के बँडविड्थ स्वतःसाठी दाबून ठेवतं, ती शून्य करा' असा सल्ला फिरतो. ती मर्यादा एखाद्या प्रोग्रामनं जागा मागितली तरच लागू होते आणि न वापरलेली जागा बाकीच्यांना मिळतेच. ती सेटिंग बदलून फोन सुधारत नाहीत.

पहिल्या फेरीत मी दोन गोष्टी केल्या. फोनच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही खूण, म्हणजे 'मला आधी सोडा' सांगणारा आकडा, आधीपासून होती. ऑफिसच्या आणि शेडच्या स्विचला मी ती मानायला सांगितली आणि तिला सगळ्यात वरची रांग दिली. दुसरं, डिझाइन सर्व्हरवरच बॅकअपचा वेग ४०० मेगाबिटला बांधला. ८५ सेकंदांचं काम २०० सेकंदांवर गेलं, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आसपास. त्यानं कोणाचं काही अडलं नाही. चारचे फोन स्वच्छ झाले.

दुसरी फेरी: ट्रक भरायच्या दिवशीच

काही आठवड्यांनी परत तक्रार, पण रोज नाही. सुपरवायझरांनी स्वतःच वहीत वार लिहून ठेवले होते आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानायला हवेत. ज्या दिवशी माल ट्रकमध्ये भरतात त्याच दिवशी फोन तुटत होता. त्या दिवशी पॅकिंग हॉलमधले संगणक पेट्यांचे फोटो आणि व्हिडिओ शेडच्या त्याच डिस्कपेटीत टाकतात. म्हणजे ऑफिसहून येणारा बॅकअप आणि पॅकिंगचा माल पॅकिंगच्या स्विचवर एकत्र येऊन शेडकडे निघत होते. गर्दीची जागा एक पाऊल पुढे सरकली होती.

पॅकिंगच्या स्विचला मी हात लावला नव्हता. ही चूक माझी. त्यात क्यूओएस, म्हणजे खुणेनुसार रांगा लावायची सोय, चालू होतं, पण पोर्टला 'आलेल्या खुणेवर विश्वास ठेव' असं सांगितलेलं नव्हतं. बऱ्याच स्विचमध्ये अशा वेळी आलेली खूण पुसून शून्य केली जाते. ऑफिसनं मानानं पाठवलेलं पॅकेट पॅकिंगमध्ये येईपर्यंत साध्या रांगेत, आणि शेडचा स्विच बिचारा खूण शोधत बसलेला. तपासायला सोपं आहे: शेडच्या बाजूला पोर्ट मिरर करून (त्यावरच्या मालाची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढून) वायरशार्क हा पॅकेट उघडून दाखवणारा प्रोग्राम लावा आणि फोनच्या पॅकेटवर ४६ शिल्लक आहे का बघा. वाटेत कुठे शून्य झालं ते स्विचमागून स्विच मागे जात शोधायचं. क्यूओएस पूर्ण बंद असेल तर खूण सहसा टिकते, पण रांग एकच असते. तेही तितकंच वाईट.

त्याच स्विचमध्ये दुसरी गोष्ट सापडली, ती अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. व्हीलॅनच्या टॅगमध्ये प्राधान्याला ३ बिट असतात, म्हणजे ८ पातळ्या. पण स्वस्त स्विचमध्ये रांगा ४ असतात. तेव्हा प्रमाणातल्या ठरलेल्या तक्त्यानुसार पातळी ४ आणि ५ एकाच रांगेत पडतात. ४ म्हणजे व्हिडिओ, ५ म्हणजे आवाज. तुम्ही मोठ्या काळजीनं वेगळ्या खुणा लावल्यात आणि स्विचनं दोघांना एकाच बाकावर बसवलं! तक्ता हातानं बदला.

तिसरी फेरी: सगळेच महत्त्वाचे

पावसाळ्याआधी वीज सारखी जात होती तेव्हा तिसरी तक्रार आली. या वेळी उलट बाजू: शेडचा आवाज ऑफिसला तुटत होता आणि तोही वीज परत आल्यानंतर. मधल्या काळात कॅमेरे ३२ चे ४८ झाले होते आणि प्रत्येकाचा वेग ४ चा ८ मेगाबिट. कॅमेरे बसवणाऱ्यांनी चित्र अडखळू नये म्हणून त्यांनाही ४६ चीच खूण लावली होती. मी विचारलं तर ते सरळपणे म्हणाले, "अण्णा, कॅमेरा पण महत्त्वाचाच आहे की." त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की वरच्या रांगेत किती जागा आहे.

सरासरी काढली तर ४८ गुणिले ८ म्हणजे ३८४ मेगाबिट, तार चाळीस टक्केही भरत नाही. पण कॅमेरा सारख्या धारेनं पाठवत नाही. मधूनमधून तो पूर्ण चित्राची मोठी फ्रेम पाठवतो. ती १५० किलोबाइटची धरा, म्हणजे १.२ मेगाबिट. १०० मेगाबिटच्या पोर्टवरून ती यायला १२ मिलिसेकंद लागतात. वीज आली की नेटवर्कच्या तारेतूनच, एकाच स्विचवरून वीज घेणारे, एकाच मॉडेलचे कॅमेरे जवळजवळ एकदम उठतात आणि काहींच्या मोठ्या फ्रेम जुळून येतात. वीस जुळल्या तर १२ मिलिसेकंदांत २४ मेगाबिट येतात आणि तेवढ्या वेळात तारेवरून फक्त १२ जातात. उरलेले १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट, स्विचच्या पोटात. त्या स्विचची सगळ्या पोर्टांत मिळून साठवणच जेमतेम तेवढी. पुढचं येईल ते सांडणार, आणि फोन त्याच रांगेत उभा.

एसटीच्या दारातून एखाद्याला आधी आत सोडणं वेगळं आणि त्याच्या नावानं सीट राखून ठेवणं वेगळं. आम्ही तिन्ही वेळा पहिलं केलं आणि दुसरं केलं असं समजलो. प्राधान्य म्हणजे आरक्षण नव्हे. आरक्षण तेव्हाच होतं जेव्हा वाटेतल्या प्रत्येक स्विचवर कोणीतरी हिशेब ठेवतं आणि जागा संपली की 'नाही' म्हणतं.

मग खऱ्या आरक्षणाच्या पद्धती कोणत्या, आणि इथे कोणती चालते

या 'नाही' म्हणण्याचा विचार लोकांनी फार पूर्वी केलेला आहे. एफडीडीआय या जुन्या, १०० मेगाबिटच्या फायबर रिंगमध्ये टोकन, म्हणजे बोलायची परवानगी, फिरायचं आणि त्याच्या फेरीचा लक्ष्य-वेळ सगळी स्टेशनं मिळून ठरवायची. ज्यांना हमी हवी त्यांना त्या वेळेतला ठरलेला वाटा. सगळ्या वाट्यांची बेरीज लक्ष्य-वेळेच्या आत बसली पाहिजे, ही अटच होती. बेरीज बसली तर टोकन फार तर दुप्पट वेळेत परत येणार याची गणितानं खात्री मिळायची. एटीएममध्ये (पैशांचं यंत्र नव्हे, या नावाचं जुनं नेटवर्क) ५३ बाइटच्या सेलमधून माल जायचा आणि जोडणी उघडतानाच स्विच विचारायचा, किती लागणार? जागा नसेल तर जोडणीच नाकारली जायची. दोन्ही सुंदर होत्या, पण महाग. १९९८ मध्ये फायबरवरच्या गिगाबिट इथरनेटचं प्रमाण आलं आणि स्वस्त वेगासमोर लोकल नेटवर्कात त्या टिकल्या नाहीत.

आयपीच्या जगात जागा राखायची पद्धत म्हणजे १९९७ चा आरएसव्हीपी. पाठवणारा वाटेवर एक निरोप धाडतो, घेणारा उलट वाटेनं 'एवढी जागा राखा' असं मागत येतो, वाटेतला प्रत्येक राउटर हो किंवा नाही म्हणतो. राखलेली जागा ठरावीक वेळानं पुन्हा मागितली नाही तर आपोआप सुटते, ही त्यातली शहाणी सोय. पण कारखान्याच्या आत राउटर कुठे असतात? सगळे स्विच, आणि साधा स्विच हा निरोप वाचतच नाही. ही फट भरायला २००० मध्ये सबनेट बँडविड्थ मॅनेजरचं प्रमाण आलं, एका उपकरणानं अख्ख्या लॅनचा हिशेब ठेवायचा. कल्पना बरोबर होती, पण आपल्या बाजारातल्या एकाही स्विचमध्ये मला ती भेटलेली नाही. फोन आणि कॅमेरेही आरएसव्हीपी बोलत नाहीत.

इथरनेटच्या आतलं खरं आरक्षण म्हणजे स्ट्रीम रिझर्वेशन प्रोटोकॉल, ८०२.१क्यूएटी, २०१० चा. त्याच्या जोडीला २००९ चा क्रेडिट हिशेबावर चालणारा शेपर (माल सारख्या धारेनं सोडणारा), ८०२.१क्यूएव्ही. बोलणारा जाहीर करतो, ऐकणारा तयारी कळवतो, मधला प्रत्येक स्विच आपल्या पोर्टवर जागा मोजतो. मुळात ७५ टक्क्यांपर्यंतच जागा राखू देतो, उरलेली साध्या कामाला. अ वर्गाला ७ टप्प्यांत २ मिलिसेकंदांचं लक्ष्य. ध्वनी-व्यवस्थेच्या सभागृहांत हे उत्तम चालतं. पण वाटेतला एक स्विच जरी ते न जाणणारा निघाला तर साखळी तुटते. आपले आयपी फोन आणि कॅमेरे त्यात भागच घेत नाहीत. त्यापुढचा ८०२.१क्यूबीव्ही, २०१५ चा, घड्याळ जुळवून ठरावीक क्षणी फाटक उघडतो. यंत्रांच्या नियंत्रणाला तो हवा. टॉवेलच्या ऑफिसला फोन करायला नको.

राहिली हातानं करायची पद्धत आणि इथे मी तीच निवडली. स्विच 'नाही' म्हणू शकत नसेल तर माणसानं म्हणावं.

फोनला एकट्याला सगळ्यात वरची रांग, पण ५ मेगाबिटची मर्यादा लावून. मर्यादा नसलेली वरची रांग धोक्याची असते, कारण तिच्यात कोणी घुसलं की खालच्या सगळ्या रांगा उपाशी राहतात. कॅमेऱ्यांना वेगळी खूण, ३४, आणि भारित, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात वाटा देणाऱ्या, रांगेत निम्म्या तारेची हमी: ५०० मेगाबिट. हा वाटा वापरात नसेल तेव्हा बाकीच्यांनी खुशाल वापरावा. इथे एक बारीक गोष्ट: काही स्विचचा भार पॅकेट मोजून चालतो, काहींचा बाइट मोजून. पॅकेट मोजणारा असेल तर १५१८ बाइटच्या फ्रेमवाल्याला (तारेवरची फ्रेम, चित्राची नव्हे) २०० बाइटच्या फ्रेमवाल्यापेक्षा साडेसातपट वाटा जातो. बाइट मोजणारा पर्याय असेल तर तोच घ्या. बॅकअप आणि पॅकिंगचे फोटो सगळ्यात खाली, आणि दोन्हींचा वेग जिथून माल निघतो तिथेच बांधलेला.

वीज आल्यावर कॅमेरे एकदम उठू नयेत म्हणून शेडच्या स्विचला पोर्टवरची वीज चार-चारच्या गटानं, थोडं थांबून द्यायला सांगितलं. मोठ्या फ्रेम आता क्वचित जुळतात आणि जुळल्या तरी सांडतं ते कॅमेऱ्यांच्या रांगेतलं, फोनचं नाही.

'दोन फायबर एकत्र बांधले तर?' असं मालकांनी विचारलं होतं. बांधल्यानं एकूण रुंदी वाढते, पण एक प्रवाह एकाच तारेवर राहतो. बॅकअप ज्या तारेवर पडेल त्याच तारेवर काही फोनही पडणार. १० गिगाबिटचे मॉड्यूल परवडत असतील तर जरूर घ्या, मोठ्या फ्रेमांचा लोंढा त्यानं खरंच सुसह्य होतो. पण रांगा आणि मर्यादा तरीही लावा, कारण गर्दी तेव्हा दुसऱ्या पोर्टवर जाऊन उभी राहते.

काम झाल्यावर तपासणी शांत वेळी करू नका. मी चार वाजता, ट्रक भरायच्या दिवशी, बॅकअप चालू असताना दोन्ही दिशांना आयपर्फ या तार भरून बघायच्या प्रोग्रामनं तार मुद्दाम भरली आणि मालकांना शेडला फोन लावायला सांगितलं. फोनच्या स्वतःच्या पानावर हरवलेली पॅकेट आणि जिटर, म्हणजे पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार, दिसतं, ते बघा. स्विचवर रांगेनुसार ड्रॉपचे आकडे बघा. फोनच्या रांगेत शून्य, खालच्या रांगेत वाढते, असं दिसलं तर व्यवस्था बरोबर चालते आहे. खालच्या रांगेतले ड्रॉप बघून घाबरू नका, बॅकअप ते पुन्हा पाठवतो. दुसरी तपासणी विजेचा मेन स्विच पाडून आणि परत चढवून.

शेडच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर प्रत्येक तार, दोन्ही दिशा, कोणाला किती राखलं आणि किती शिल्लक. कॅमेऱ्यांच्या ५०० मेगाबिटपैकी ३८४ गेलेले. परवा आणखी २० कॅमेऱ्यांची मागणी आली. २० गुणिले ८ म्हणजे १६०, एकूण ५४४, बसत नाही. सुपरवायझरांनी मला फोन न करताच कागद बघून सांगितलं: एकतर १४ घ्या, नाहीतर नवे सगळे ५ मेगाबिटवर लावा. मालकांनी ५ वर लावले. बेरीज ४८४ झाली, ती त्यांनी पेन्सिलनं कागदावर लिहून ठेवली.